एमएमएचा पाहुणा आणि फ्युरीचा तिसरा राउंड

ब्रिटिश हेवीवेट बॉक्सर अँथनी जोशुआने एमएमएतून (मुक्के, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समधून) आलेल्या फ्रान्सिस एन्गानूला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. ८ मार्च २०२४ ला रियाधमध्ये ती लढत झाली आणि बॉक्सर भारी की एमएमएवाला, हा आमच्या जिममधला वाद संपला, असं माझी पोरं धरून चालली होती. त्याआधी २८ ऑक्टोबर २०२३ ला, त्याच शहरात, त्याच एन्गानूने आयुष्यातल्या पहिल्या व्यावसायिक बॉक्सिंग लढतीत दुसरा ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरी याला तिसऱ्या राउंडमध्ये डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या मुक्क्याने) खाली पाडलं होतं. दोन पंचांनी फ्युरीला कौल दिला, एकाने एन्गानूला. तेव्हापासून एमएमए करणारे आमच्या बॉक्सर मुलांना टोमणे मारत होते. आता पारडं फिरलं होतं.

मी बॉक्सिंग शिकवतो. त्या दिवशी माझा जुना मित्र, जो एमएमएचा कोच आहे, आपला हेवीवेट घेऊन स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, आला. मुळात कुस्तीतला गडी. मान जाड, पकड अशी की हात मिळवतानाच कळावं. त्याला हातांचं काम हवं होतं आणि माझ्या हेवीवेटला अनोळखी प्रतिस्पर्धी. सोळा औंसाचे ग्लोव्ह्ज, हेडगिअर, तीन मिनिटांचे राउंड, नियम बॉक्सिंगचे. रिंगभोवती गर्दी जमली. मी सगळ्यांना आवाज बंद ठेवायला सांगितलं.

पहिल्या राउंडमध्ये माझ्या मुलाने, म्हणजे माझ्याकडे शिकणाऱ्या हेवीवेटने, जॅबवर जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ मुक्के) मारले. पाहुणा पाय फाकवून उभा होता. टेकडाउन (पाय धरून खाली पाडणं) अडवायची सवय असलेला माणूस असाच उभा राहतो: वजन दोन्ही पायांवर सारखं, पुढचा हात जरा खाली. बॉक्सिंगमध्ये असा माणूस जॅबला मोकळा सापडतो. बाहेरची पोरं खूश झाली.

दुसऱ्या राउंडमध्ये मात्र त्याने एकदम गुडघे वाकवून कंबर खाली नेली. टेकडाउनला जातात तशी. बॉक्सिंगच्या नियमात पाय धरायचाच नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी माझ्या मुलाची नजर खाली गेली, नजरेमागून दोन्ही हात गेले, आणि त्याच क्षणी वरून वळसा घेऊन आलेला उजवा हात हेडगिअरच्या कडेवर बसला. माझ्या मुलाचे गुडघे लटपटले. तो पडला नाही, पण मी तिथेच थांबवलं, डोळे तपासले, पाणी दिलं, चार पावलं चालायला लावलं. तो ठीक होता. गोंधळला होता.

मी त्याला एवढंच म्हणालो, "कंबर बघू नकोस, छाती बघ. तो खाली गेला तर मागे सरायचं नाही, डावीकडे निघायचं." मुक्का कुठून येतो याचा अंदाज आपण खांदा, पाय आणि लय बघून बांधतो. वर्षानुवर्षं बॉक्सरशीच खेळलेला माणूस बॉक्सरची लय ओळखतो, दुसऱ्या खेळातून आलेला लयच मोडतो. फ्युरीसारखा मुरलेला माणूस सरळ मुक्क्याने नाही, वाकड्या हुकने का पडला, हे मला त्या दिवशी दोन हातांच्या अंतरावरून दिसलं.

पुढच्या राउंडपासून चित्र बदललं. माझा मुलगा त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पाऊल टाकून उजवा हात सरळ आत घालू लागला. पाहुण्याला क्लिंचमध्ये, म्हणजे समोरच्याला मिठी मारून धरून, दम खायची सवय. एमएमएत जाळीला दाबून धरलं की श्वास परत मिळतो, समोरचा मात्र थकतो. इथे मी लगेच "ब्रेक" म्हणत होतो. चौथ्या राउंडला त्याचं तोंड उघडं पडलं आणि खांदे उतरले. पाच पाच मिनिटांचे राउंड खेळणारा धडधाकट गडी, पण हात सतत वर धरून लढायचा दम वेगळा असतो.

मग माझा मित्र म्हणाला, "आता एक राउंड आमच्या नियमांनी." हेडगिअर काढलं, छोटे ग्लोव्ह्ज चढवले, मुक्के हलके ठेवायचे ठरलं. माझ्या मुलाने एक सुंदर जॅब मारला. दुसरा मारेपर्यंत तो पाठीवर होता आणि छातीवर एवढं वजन होतं की त्याला कूसही बदलता येईना. त्याने मॅटवर थाप मारून हार मानली. कोणी हसलं नाही.

मॅटवर बसल्या बसल्याच वाद सुरू झाला. मित्राने २०१० ची लढत काढली: बॉक्सर जेम्स टोनी यूएफसीत (एमएमएच्या सर्वांत मोठ्या संघटनेत) उतरला आणि कुस्तीतून आलेल्या रँडी कुटूरने पहिल्याच राउंडमध्ये त्याला खाली घेऊन गुदमरवलं. मी बॉक्सर रे मर्सर सांगितला. २००९ मध्ये एमएमएच्या नियमांनी त्याने यूएफसीचा माजी विजेता टिम सिल्व्हियाला नऊ सेकंदांत झोपवलं होतं. दोघांचीही उदाहरणं खरी. कुस्तीगीर बॉक्सरला आडवा करतो, पण तो मुक्क्यांच्या टप्प्यात उभा राहिला तर छोट्या ग्लोव्ह्जमधला एक मुक्काही पुरतो.

माझ्या मुलाने मधेच विचारलं, "सर, मग फ्युरीचं नाव खराब झालं का?"

झालं. एन्गानूने फ्युरीच्या खेळात, फ्युरीच्या नियमांनी त्याला पाडलं, आणि तेव्हा फ्युरी डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा विजेता होता. पट्टा पणाला नव्हता म्हणून तो राउंड पुसला जात नाही. मला फ्युरी मनापासून आवडतो. २०१५ मध्ये युक्रेनच्या क्लिच्कोला जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला हरवणं आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या वाइल्डरने बाराव्या राउंडला पाडल्यावर उठून उभं राहणं, ही थोर कामं आहेत. म्हणूनच रियाधमधली ढिली तयारी जास्त खुपते. पोट सुटलेलं दिसत होतं.

जोशुआबद्दल माझं मत पोरांना पटलं नाही. एन्गानूवरचा विजय त्याच्या कारकिर्दीत फार वजनाचा नाही. त्याने समोरच्याला मान देऊन तयारी केली आणि उजव्या हाताने काम संपवलं, एवढं श्रेय द्यावं. त्याचं मोल ठरलं २९ एप्रिल २०१७ ला वेम्बलीत, सहाव्या राउंडला क्लिच्कोकडून पडून अकराव्यात त्यालाच थांबवलं तेव्हा. आणि तितकंच ते २०१९ मध्ये अँडी रुइझपुढे, मग उसिकपुढे दोनदा घसरलंही.

युक्रेनच्या या उसिकला मी तेव्हाच सगळ्यांच्या वर ठेवलं होतं. मित्र म्हणाला, "फ्युरीशी खेळू दे आधी." १८ मे २०२४ ला तो खेळला, नवव्या राउंडमध्ये फ्युरीला काउंट मिळाला (रेफरीने आकडे मोजले), आणि उसिक लेनॉक्स लुइसनंतरचा पहिला निर्विवाद, म्हणजे सगळे पट्टे एकत्र असलेला, हेवीवेट विजेता ठरला. डिसेंबरमध्ये त्याने फ्युरीला पुन्हा हरवलं, तिन्ही पंचांच्या कार्डांवर ११६-११२. उंचीला कमी, वजनाला कमी, खालच्या क्रूझरवेट वजनगटातून वर आलेला माणूस. आपल्याहून मोठ्या, आपलाच खेळ जाणणाऱ्या माणसांना सलग हरवत जाणं, हेवीवेटची पारख मी यावर करतो.

मित्राचं म्हणणं होतं की एन्गानू हरूनही मोठाच ठरला. हे मी मान्य केलं. कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला हा माणूस यूएफसीचा पट्टा सोडून परक्या खेळात उतरला आणि दोन सर्वोत्तम बॉक्सरांपुढे उभा राहिला. पण तिथून "एमएमएवाले बॉक्सरांना भारी" इथवर जायला मी तयार नव्हतो. तोही तयार नव्हता, फक्त माझ्याशी भांडायला त्याला आवडतं.

जाताना पाहुण्याने माझ्या मुलाला उजवा हात सरळ कसा घालायचा ते पुन्हा दाखवायला सांगितलं. दोघं आरशासमोर बराच वेळ उभे होते. पुढच्या वेळचं आम्ही कोचांनी तिथेच ठरवलं: तीन राउंड माझे, दोन त्याचे, आणि त्याच्या राउंडआधी अर्धा तास माझ्या मुलाला खालून सुटायचं शिकवायचं.