हाताला राळ लागली नाही म्हणून

ख्रिसमसच्या आधीचे दोन आठवडे आमच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. मी फुलांच्या दुकानात काम करते, समोर काउंटरवर नाही, मागे, जिथे बादल्या, तारेची रिळं आणि फांद्यांचे ढीग असतात तिथे. दारावर लावायची हिरवी रीथ, म्हणजे फांद्या बांधून केलेली गोल कडी, बनवायचं काम डिसेंबरमध्ये माझ्याकडे असतं, नऊ वर्षं झाली आता. ही गोष्ट मागच्या डिसेंबरमधल्या एका दिवसाची आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची आहे, आणि घरी हाताने रीथ बनवणाऱ्या प्रत्येकापर्यंत ती पोचावी असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

ऑर्डर एका पाळणाघराची होती. तीन ते पाच वर्षांची वीस मुलं, प्रत्येकाला एक छोटं रीथ, हिरवळ आम्ही बांधून द्यायची आणि रिबिनी, पाईन कोन वगैरे मुलं स्वतःच्या हाताने लावणार. शिवाय टेबलावर आडवं ठेवायचं एक मोठं रीथ हवं होतं, चार मेणबत्त्यांचं. त्या बाईंना मी फोनवर सांगितलं की खऱ्या मेणबत्त्या नकोत, सेलवरच्या लावा, कारण फर, म्हणजे सुईसारख्या पानांचं जे झाड आम्ही रीथला वापरतो ते, वाळायला लागलं की एका ठिणगीत भडकतं, त्यात राळ असते. त्यांनी लगेच ऐकलं. ही चार मेणबत्त्यांची कल्पना मुळात मुलांसाठीच निघालीय हे मला खूप आवडतं, 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विचर्न नावाचे धर्मगुरू गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, मुलं रोज विचारायची ख्रिसमसला किती दिवस राहिले, तर त्यांनी एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या लहान लाल. हिरवळ त्यावर नंतर आली.

तर वीस अधिक एक. मोठं आदल्या दिवशीच झालं होतं. सकाळी आम्ही तिघं बसलो, मी, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एक काकू ज्या इथे माझ्याही आधीपासून आहेत, आणि त्या सीझनला मदतीला आलेला एक कॉलेजचा मुलगा. फांद्या रात्रभर पाण्यात ठेवलेल्या होत्या, टोकं पुन्हा ताजी कापून. हे कधीच टाळू नका, कारण एकदा फांदी तारेने बांधली की तिला पाणी मिळत नाही, आत जेवढं साठवलंय तेवढ्यावरच ती तग धरते. थंड जागी बाहेर लावलं तर रीथ महिनाभर आरामात राहतं, गरम खोलीत आठ-दहा दिवसांत सुया झडायला लागतात.

बांधायची पद्धत तशी सोपी आहे. बोटभर लांबीच्या चार-पाच डहाळ्यांची एक जुडी करायची, रिंगवर ठेवायची, देठांवरून तारेचे तीन वेढे कचकचून द्यायचे आणि तार तोडायची नाही, रीळ तसंच लटकत ठेवायचं. पुढची जुडी आधीच्या जुडीच्या देठांवर येईल अशी, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. असं गोल फिरत यायचं आणि शेवटच्या जुडीचे देठ पहिल्या जुडीच्या पानांखाली खुपसून बांधायचे, मग जोड कुठे आहे ते बनवणाऱ्यालाही सापडत नाही. वेढा सैल राहिला तर मात्र संपलंच, कारण फांद्या वाळताना बारीक होतात आणि आज घट्ट वाटणारी तार आठवड्याने ढिली होते. म्हणून मी सगळ्यांना सांगते की हात दुखला पाहिजे.

त्या मुलाला पहिल्याच दिवशी फांद्या ओळखायला शिकवलं होतं. सुई तोडायची आणि दोन बोटांत फिरवायची. गरगर फिरली तर ती चौकोनी, म्हणजे स्प्रूस, ते बाजूला ठेव कारण त्याच्या सुया सगळ्यात लवकर गळतात. फिरली नाही, चपटी लागली, तर फर. दोन, तीन किंवा पाच सुयांचा झुपका एकत्र असेल तर पाईन. हे एवढंच शिकवलं होतं आणि मला वाटत होतं की पुरेसं आहे.

दुपारपर्यंत नऊ रीथ झाली आणि फर संपत आलं. माल नेहमीपेक्षा कमी आला होता. तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला की बागेतलं कुंपण छाटलंय, छान गडद हिरव्या फांद्या आहेत, ख्रिसमसला चालतील तर पाठवते. मी हो म्हटलं. कसलं कुंपण हे विचारलं नाही. एक वाजता तीन पोती आली, मी वरून एका पोत्यात डोकावले, मऊ चपट्या सुया, चकचकीत गडद रंग, आणि समोर गिऱ्हाईकांची गर्दी होती म्हणून पोती त्या दोघांकडे देऊन पुढे काउंटरवर गेले. फरची उरलेली डहाळी आत आणि ही वर अशी मिसळून बांधा, एवढंच सांगून.

साडेतीन वाजता मागे आले तेव्हा अकरा रीथ खिळ्यांना टांगलेली होती आणि खरं सांगते, इतकी सुंदर दिसत होती की मी दोन मिनिटं नुसती बघत राहिले. भरगच्च, मखमलीसारखी. मग मी तेलाची बाटली काढली. फर आणि पाईनच्या राळेने बोटं काळी आणि चिकट होतात, ती साबणाने निघत नाही, आधी तेल चोळावं लागतं आणि मग साबण, त्यामुळे संध्याकाळी ही बाटली टेबलाभोवती फिरते. मी त्या मुलाकडे बाटली सरकवली तर तो म्हणाला, ताई मला नको, हात स्वच्छच आहेत, जेवून आल्यावर धुतले तेव्हापासून काही लागलंच नाही, या पोत्यातल्या फांद्या मस्त आहेत, चिकटतच नाहीत.

दोन तास फर बांधतोय आणि हात चिकट नाहीत?

मी पोत्यातली एक फांदी उचलली आणि मोडून नाकाला लावली. बाल्सम फर मोडलं की खोलीभर वास सुटतो. याला वासच नव्हता, नुसता कापलेल्या गवतासारखा हिरवट. मग सुई उलटी केली. फरच्या सुईच्या पाठीवर दोन पांढरट रेघा असतात, बारीक, खडूने ओढल्यासारख्या. इथे पाठ सगळी एकसारखी फिकट हिरवी. आणि सुईचा देठ काडीला नुसता चिकटलेला नव्हता, काडीवरून खाली ओघळत गेल्यासारखा होता, कोवळी काडीसुद्धा हिरवीच. पोतं फरशीवर उलटं केलं. तळाशी एक सुकलेलं लाल फळ सापडलं, वाटीसारखं, मधून बी दिसणारं.

यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यू हे बागेच्या कुंपणाला खूप लावतात कारण ते दाट वाढतं आणि कसंही छाटलं तरी पुन्हा फुटतं. त्याच्यात टॅक्सीन नावाचं विष असतं, ते थेट हृदयावर काम करतं. सुया, काड्या, बिया, सगळं विषारी, फक्त त्या फळाचा लाल मांसल भाग सोडून, आणि त्याच्या पोटात बी आहेच. छाटलेलं यू खाऊन गुरं-घोडी मरतात. वाळलं म्हणून विष कमी होत नाही. नुसता हात लावल्याने काही होत नाही, पण ही रीथ तीन वर्षांच्या मुलांच्या मांडीवर जाणार होती.

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं थांबा, सगळं खाली ठेवा, हात धुवून या. मुलगा घाबरला, म्हणाला ताई मी बघितलं होतं, सुई फिरवली, चपटी होती, तुम्हीच म्हणालात चपटी म्हणजे फर. त्याचं बरोबरच होतं. यूची सुई चपटीच असते. मी त्याला अर्धीच परीक्षा शिकवली होती आणि उरलेली अर्धी माझ्या नाकात आणि बोटांत होती, ती मी कधी बोलून दाखवलीच नव्हती. मी त्याला तिथेच सांगितलं की चूक तुझी नाही, माझी आहे.

काकू काहीच बोलल्या नाहीत. एक डहाळी हातात घेऊन बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, हेच ना गं ते, ज्याचं औषध मला सलाईनमधून द्यायचे. त्यांना काही वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, तेव्हा पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. हो म्हटलं, हेच. ते औषध पहिल्यांदा यूच्याच एका जातीच्या सालीतून काढलं, मनसुख वाणी आणि मन्रो वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी त्याची रचना 1971 मध्ये मांडली, आणि हल्ली ते यूच्या सुयांमधल्या एका घटकापासूनही बनवतात. काकूंनी ती डहाळी पोत्यात टाकली नाही, टेबलाच्या कडेला ठेवली, सगळं आवरून झाल्यावर स्वतः उचलून पिशवीत घातली. मी त्यांना घाई केली नाही.

मग मुलगा म्हणाला, ताई, कचरा? आणि मला दुसरा धक्का बसला, कारण उरलेल्या फांद्या रोज संध्याकाळी तो शेजारच्या बकऱ्यांसाठी घेऊन जायचा, मीच परवानगी दिली होती. त्या दिवशीचं पोतं दाराशी भरून तयार होतं. ते तिथल्या तिथे बांधलं, वर मोठ्या अक्षरात विषारी लिहिलं आणि आमच्या बंद कचरापेटीत टाकलं.

मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, वरवरचं काढून चालेल का. नाही चालणार, तार सलग असते, एक जुडी काढायची तर पुढचं सगळं सुटतं, आणि एक जरी काडी राहिली तरी मी ते रीथ मुलाच्या हातात देणार नाही. त्या म्हणाल्या मग तोड. अकराही तोडली. त्यातलं खरं फरसुद्धा फेकलं, कारण सुया एकमेकांत मिसळल्या होत्या. टेबल, फरशी, कात्र्या सगळं पुसलं. सकाळची नऊ रीथ त्याच खोलीत टांगलेली होती म्हणून एकेक उतरवून झटकली आणि प्रत्येक जुडी उलटी करून बघितली. मग पाळणाघरात फोन केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. कुंपणवाल्या बाईंनाही फोन केला, त्यांच्याकडे कुत्रा आहे, नातवंडं येतात, आणि पंधरा वर्षं ते कुंपण दारात असून त्यांना ते काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता हिरवळ कुठून आणायची? दुकानात हॉली होती, तिची लाल फळं विषारी. आयव्ही, बॉक्सवूड, दोन्ही पोटात गेली तर त्रास देतात. जुनिपर आणि थुजाही मुलांसाठी नको. एरवी मोठ्यांच्या दारासाठी मी हे सगळं वापरते, पण त्या संध्याकाळी एकेक नाव काटत गेले आणि शेवटी फक्त फर आणि पाईन उरलं, आणि तेही जेमतेम तीन रीथला पुरेल एवढं. तेव्हा काकूंनी फळीवरच्या वाळक्या द्राक्षवेलीच्या रिंग खाली काढल्या. म्हणाल्या, पूर्ण गोल कशाला भरायचा. तीन जुड्या एका बाजूला चंद्रकोरीसारख्या बांधायच्या आणि बाकीची वेल उघडीच ठेवायची, मुलांना रिबीन गुंडाळायला जागा. दोन जुड्या फरच्या, एक लांब सुयांच्या पाईनची. अकरा रिंग, तेहतीस जुड्या, पुरलं. त्या मुलाने प्रत्येक डहाळी बांधायच्या आधी मोडून वास घेतला, उलटी करून पाठ बघितली आणि मग माझ्याकडे दिली, मी पुन्हा बघितली. मी एकदाही घाई कर म्हटलं नाही. रात्री साडेदहाला संपलं आणि तिघांचे हात कोपरापर्यंत चिकट होते.

सकाळी दहाला मी स्वतः रीथ घेऊन गेले, एरवी डिलिव्हरीचं काम माझं नाही. पाईन कोन आम्ही मंद ओव्हनमध्ये तापवून नेले होते, त्याने आतले किडे मरतात आणि कोन छान उमलतात. मुलं खाली गोल करून बसली, प्रत्येकासमोर एक रीथ. बाईंनी सांगितलं की तोंडात काही घालायचं नाही. वेल उघडी असलेली रीथ मुलांना जास्त आवडली, कारण त्यांच्या रिबिनीला खरंच काहीतरी करायला होतं.

दोन मिनिटं झाली असतील. माझ्या शेजारी बसलेली सगळ्यात लहान मुलगी शांतपणे काहीतरी चावत होती. मी तिच्यासमोर हात धरला, तिने ओठ उघडून एक ओली सुई माझ्या तळव्यावर ठेवली आणि पुन्हा रिबिनीत गुंतली. मी उठून खिडकीशी गेले आणि ती सुई उजेडात उलटी केली. पाठीवर दोन पांढऱ्या रेघा होत्या.