आईची नागीण, लेकीच्या कांजिण्या

लेकीला वाटलं रांगोळीची तयारी चाललीय. सहाणेवर गेरू उगाळलेला, बाजूला दुर्वांची जुडी, आणि आज्जी पाठ उघडी टाकून कुशीवर झोपलेली. मग काय, ती पण आली, गेरूत बोट बुडवलं आणि आज्जीच्या पुरळाच्या कडेकडेने मस्त लाल बॉर्डर काढून दिली. आम्ही सगळे हसलो. मी फोटोसुद्धा काढला, तो अजून मोबाईलमधे आहे आणि दिसला की डोक्याला हात लावते.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आई तेव्हा कळव्याहून भावाकडून आमच्याकडे ठाण्यात राहायला आली होती, कारण वहिनीला सातवा महिना आणि त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. सोमवारी सकाळी म्हणाली उजव्या बरगडीखाली भाजल्यासारखं होतंय. वय ६८, त्यामुळे आधी हार्टचीच भीती, ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले गॅस असेल किंवा उसण भरली असेल, मग तीन दिवस बाम, शेक, ओवा, सगळं झालं. गुरुवारी ब्लाऊज काढताना बघितलं तर पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत उजव्या बाजूला पट्टाच्या पट्टा लाल, त्यावर पाण्याचे बारीक फोड, द्राक्षाच्या घडासारखे चिकटून. त्या डॉक्टरांवर मी तेव्हा खूप चिडले होते पण आता नाही चिडत, पुरळ उठायच्या आधी नागीण ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, बघितलं आणि म्हणाल्या अगं बाई, नागीण. पुढचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस गेला. म्हणून तोंडाकडून गेरू लावून अडवायचं. एक उतरवणारा माणूस पण त्यांच्या माहितीतला होता, तिथे गेलो नाही एवढंच नशीब. पण गेरू लावला. गुरुवार ते रविवार. सोमवारी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पुरळ कधी उठलं? चार दिवस झाले म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. नागिणीवरची अँटीव्हायरल, म्हणजे व्हायरसला रोखणारी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग. अजून नवे फोड येत होते म्हणून त्यांनी दिली, पण म्हणाले दुखणं मागे राहू शकतं. आणि गेरू धुवून टाका, जखमेत जंतू जातील. फोड कापडाने झाकून ठेवा असंही म्हणाले होते, ते आम्ही मनावर घेतलं नाही. का घ्यावं, नागीण काय लागते का कोणाला, असंच डोक्यात. लेक आज्जीच्याच कुशीत झोपत होती.

दोन आठवडे झाले असतील. शाळेत सोडायला निघालो तर लेकीच्या कानामागे एक फोड, दवबिंदूसारखा. संध्याकाळपर्यंत पोटावर, पाठीवर, डोक्यात केसांमधे, १०१ ताप. कांजिण्या. मी लगेच शाळेच्या ग्रुपवर मेसेज टाकला की अजून कोणाला आहे का, आणि मनातल्या मनात सोसायटीतल्या एका वाढदिवसाला जबाबदार धरून मोकळी झाले. पण मुलांच्या डॉक्टर म्हणाल्या, घरात एवढ्यात कोणाला नागीण झाली होती का?

मला खरंच वाटलं ऐकण्यात चूक झाली.

तर गोष्ट अशी आहे की नागीण आणि कांजिण्या हा एकच व्हायरस. एकच म्हणजे अगदी तोच, भाऊबंद नाही. व्हेरिसेला झोस्टर नाव. लहानपणी कांजिण्या होतात, खपल्या पडतात, आपण म्हणतो गेल्या. त्या जात नाहीत. व्हायरस कण्याच्या बाजूला नसांच्या मुळाशी ज्या गाठी असतात ना, तिथे जाऊन बसतो आणि पागडीवाल्या भाडेकरूसारखा हलतच नाही, आवाज नाही, त्रास नाही, ब्लड रिपोर्टवरून तिथे काय चाललंय ते कळत पण नाही. मग वय वाढलं, अंगातली प्रतिकारशक्ती सैल पडली की कुठल्या तरी एकाच नसेतून खाली उतरतो आणि ती नस जेवढ्या कातडीला जाते तेवढ्याच पट्ट्यात फोड उठतात. आईला कांजिण्या झाल्या माणगावला, ती सात-आठ वर्षांची असताना, म्हणजे १९६३ च्या आसपास. तेव्हापासून हा बरोबर आहे. तिचं लग्न, आमचे जन्म, बाबांचं जाणं, सगळ्याला हजर. आणि ६० वर्षांनी बाहेर पडून नातीला लागला.

नागिणीच्या फोडातल्या पाण्यात हा जिवंत व्हायरस असतो. ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला त्यातून लागण होते, पण नागीण होत नाही, कांजिण्या होतात. आणि आमच्या बाईंनी त्या पाण्यातून बोट फिरवून बॉर्डर काढलेली. लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांत पुरळ येतं, कॅलेंडर काढून मोजलं तर गेरूच्या शुक्रवारपासून बरोबर सोळावा दिवस.

आता शेपटीचं कोडं पण सुटलं. मला फार आवडलं हे. कण्यातून निघणारी प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूला जाते, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. म्हणून नागीण कण्यापाशी सुरू होते आणि पुढे पोटाच्या मधोमध येऊन थांबते. थांबतेच. प्रतिकारशक्ती अगदी तळाला गेलेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे सगळ्या अंगावर पसरू शकते, पण एरवी तोंड आणि शेपूट भेटायचा रस्ताच नाही. गेरूने अडवलं, मंत्राने उतरवलं असं जे वाटतं ते त्यामुळे, दोन-चार आठवड्यांत ती आपली आपणच सुकते आणि श्रेय उतरवणारा घेऊन जातो.

नागीण आणि कांजिण्यांचं हे नातं जुळवणाऱ्यांतला एक इंग्लंडमधला साधा फॅमिली डॉक्टर, होप-सिम्प्सन नावाचा. त्याने वर्षानुवर्षं आपल्याच दवाखान्यातल्या नागिणीच्या पेशंटच्या नोंदी ठेवल्या आणि १९६५ साली मांडलं की ही बाहेरून आलेली लागण नाही, लहानपणच्या कांजिण्यांचा व्हायरस आतूनच जागा होतो. मुख्य आधार वहीतल्या नोंदींचा. आणि कांजिण्यांची लस जपानमधल्या डॉक्टर ताकाहाशींनी केली, १९७४ मधे, त्यांच्या स्वतःच्या मुलाला आधी कांजिण्यांचा जबरदस्त त्रास झाला होता ते बघून. आपल्याकडे ही लस सरकारी यादीत नाही, गोवर-रुबेला फुकट मिळते पण कांजिण्यांची (आणि गालगुंडाची पण) खाजगीत पैसे देऊन घ्यावी लागते. माझी लेक डिसेंबर २०१८ ची. १५ व्या महिन्याला कांजिण्यांचा पहिला डोस. मोजा. मार्च २०२०. तेव्हा खाली भाजी आणायला जायची चोरी होती, लस कुठली, नंतर घेऊ म्हटलं आणि मग तिच्या फाईलमधे ती एक ओळ कोरीच राहिली. डॉक्टरांनी ती फाईल उघडून माझ्यासमोर धरली, काही बोलल्या नाहीत. आज्जीचं पुरळ दिसल्यावर तीन ते पाच दिवसांत आणली असतीत तर तेव्हा लस देऊनसुद्धा बचाव झाला असता, हे मात्र म्हणाल्या. म्हणजे ज्या चार दिवसांत मी गेरू उगाळत होते त्याच चार दिवसांत दोघींचंही काम झालं असतं.

मग घरात नुसता गोंधळ. वहिनीचा विचार पहिला आला, पोटुशी बाई आणि कांजिण्या ही भीतीदायक जोडी. तिला लहानपणी झाल्या होत्या असं तिच्या आईने फोनवर छातीठोक सांगितलं, तरी तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि आमच्याकडे यायचं बंद. नवऱ्याला आठवेना, त्याने साताऱ्याला फोन लावला, सासूबाई म्हणाल्या तुला गोवर झाला होता की कांजिण्या ते मला आता नाही सांगता यायचं, तुम्ही तिघं एकदमच आजारी पडला होतात. इकडे आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतलेलं. घरात देवी आल्यात, फोडणी द्यायची नाही, मच्छी नाही, उशाशी कडुनिंब. म्हटलं आई, देवी वेगळ्या, तो रोग १९८० साली जगातून संपला म्हणून जाहीर झालं, या कांजिण्या. तर म्हणे नावं तुम्ही ठेवा, फोडणी नाही म्हणजे नाही. बारा दिवस आम्ही बिनफोडणीचं वरण जेवलो. कडुनिंबाला मी विरोध केला नाही, वास बरा येतो. नखं कापली, कॅलामाईन लावलं, तापाला फक्त पॅरासिटामोल, कारण कांजिण्यांमधे मुलांना ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नसतं, लिव्हर आणि मेंदूवर जाऊ शकतं. शेवटची खपली धरेपर्यंत शाळा बंद.

असे मुक्कामाला राहणारे व्हायरस अजून आहेत म्हणे याच घराण्यात. आमची आजी, ताप उतरताना ओठाच्या कडेला फोड आला की 'जर मुतला' (जर म्हणजे ताप) म्हणायची, तो हर्पिस सिम्प्लेक्स, तो पण असाच नसेच्या गाठीत बसलेला असतो आणि ताप, ऊन, जागरण मिळालं की वर येतो. फ्लू बिचारा येतो, झोडपतो, जातो तरी.

लेक दहा दिवसांत उड्या मारायला लागली. आईचं दुखणं राहिलं. पुरळ गेलं, कातडी कोरी, पण त्या पट्ट्यावर पंख्याचा वारा लागला तरी विव्हळायची, ब्लाऊजची शिवण सहन होईना म्हणून चार महिने गाऊनवरच काढले, जांभळी नाक्यावर भाजीला जाणं बंद. नसेवरच्या गोळ्या अजून चालू आहेत, त्याने दिवसभर पेंगते. नागिणीची लस पण आलीय आता, ५० च्या पुढच्यांसाठी, दोन डोस, महाग आहे. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात असं डॉक्टरांनी सांगितलं. आईला विचारलं तर म्हणाली माझं झालं भोगून, तू घे. मी ४४ ची आहे. मला दहावीत झाल्या होत्या कांजिण्या, प्रिलिमच्या वेळी.

परवा दुपारी दोघी आरशासमोर उभ्या. लेकीच्या कपाळावर एक खड्डा राहिलाय, खपली खाजवून काढलेली, तो ती आज्जीला दाखवत होती. मग तिला आज्जीच्या दंडावर रुपयाएवढा जुना व्रण दिसला, देवीच्या लसीचा. "आज्जी, तुझी पण राहिली का एक?" आईने त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, ही टोचून घेतलेली, म्हणून एकच.