गोठा कुठल्या बाजूला होता

वाशीतल्या आमच्या एचिंगच्या, म्हणजे पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून ते कागदावर छापण्याच्या वर्गात घणसोली गावठाणातल्या काकूंचा पहिला छाप निघायचा होता. विषय त्यांचं पाडलेलं घर. कारवीच्या कुडाच्या सारवलेल्या भिंती, नळीची कौलं, पूर्वेला ओटी, बाजूला गोठा. भातखाचरं सिडकोच्या संपादनात गेली, मग घरही गेलं. फोटो एकही नाही.

जस्ताच्या पत्र्यावर मेण-डांबराचा थर देतात, त्यावर सुईने चित्र काढतात. थर जिथे खरवडला जातो तिथेच आम्ल धातू खातं. रेघ जितकी खोल, तितकी ती शाई जास्त धरते. कौलं काकूंनी थोडाच वेळ आम्लात ठेवली, मग वॉर्निशने ती झाकून गोठ्यातला अंधार पुन्हा खाऊ दिला. कुडाच्या तर कामट्या मोजाव्यात! इतकं नेमकं काम नव्या हाताकडून क्वचितच होतं.

ओला कागद प्रेसमधून निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू गप्प.

"गोठा डावीकडं होता. ह्यात उजवीकडं आलाय."

छाप आरशासारखा उलटा येतो हे त्यांना ठाऊक होतं, पण आठवणीतून काढताना हात सरळच चालला. मी समजूत घातली. 1641 मध्ये शेतघरं आणि गवताची कोठारं कोरणाऱ्या डच चित्रकार रेम्ब्रांटचीच गोष्ट सांगितली. त्याच्या साधारण वर्षभर आधी त्याने ॲमस्टरडॅमचं दृश्य केलं, तेही उलटंच छापलेलं आहे आणि संग्रहालयांनी ते तसंच जपलंय.

"त्याचं शहर जाग्यावर हाय ना मॅडम. कुणीबी जाऊन बघंल. माजा गोठा कुठं बघायचा?"

मी लगेच नवा पत्रा कापायला घेतला.

ट्रेसिंग पेपर उलटा करून गिरवताना त्या सांगत होत्या. गोठा दक्षिणेला होता. नैऋत्येचा पाऊस आधी त्याच्यावर आपटायचा, म्हणून आतली भिंत कोरडी राहायची, आणि तिला लागूनच भाताचा कणगा. उलट्या छापातल्या घरात वर्षाचं भात भिजलं असतं. बांधणाऱ्याने बाजू उगाच निवडली नव्हती. बोलता बोलता त्यांनी गोठ्याचं पाखं आणखी खाली उतरवलं, जवळजवळ माणसाच्या कमरेपर्यंत.

दुसऱ्या पत्र्याचा एक छाप त्या घरी घेऊन गेल्या. एक मी वर्गात रेम्ब्रांटच्या कोठाराशेजारी लावलाय. नव्या मुलांना आधी तोच दाखवते.