मुदत संपलेले नाव

अकरा वर्षे ज्या वेब-पत्त्यावर मी लिहीत होतो, तो पत्ता आता दुसऱ्याचा आहे. तिथे सध्या ऑनलाइन जुगाराची जाहिरात झळकते, आणि तिच्याखाली माझेच काही जुने लेख आहेत. ते बहुधा एखाद्या वेब-संग्रहातून उचललेले असावेत, कारण मजकूर जसाच्या तसा असला तरी चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात.

चोरी झालेली नाही, कोणी फसवलेलेही नाही. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावाच्या, नूतनीकरणाची तारीख उलटली, एवढेच. आपोआप नूतनीकरण व्हावे अशी सोय मी करून ठेवली होती, पण तिथे नोंदवलेल्या कार्डाची मुदत मधल्या काळात संपली होती. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार .कॉमसारख्या नावांच्या बाबतीत रजिस्ट्रारला, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला, मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. माझ्या रजिस्ट्रारने हे सर्व केले असणार, याबद्दल मला शंका नाही. नोंदणी करताना मी मोठ्या हौसेने त्याच डोमेनवरचा एक स्वतंत्र ईमेल पत्ता दिला होता आणि ती पेटी पुढे कधी उघडलीच नव्हती. पहिल्या दोन सूचना तिथे न वाचता पडून राहिल्या. तिसरी निघाली तेव्हा नाव बंद पडल्यामुळे ती पेटीच नाहीशी झाली होती. घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवण्याचा हा प्रकार.

त्या काळात मी फारसे लिहीत नव्हतो, त्यामुळे संकेतस्थळ बंद असल्याचे मला तीन आठवड्यांनी कळले. तेव्हाही सर्व्हर बिघडला असेल असे समजून मी होस्टिंगवाल्यांकडे तक्रार केली. त्यांनी दोन दिवसांनी सर्व्हर सुरळीत असल्याचे कळवले, आणि ते खरेच होते: लेख, चित्रे, डेटाबेस, सगळे जागच्या जागी होते. फक्त तिथवर नेणारे नाव दुसरीकडे वळवलेले होते.

यानंतरची माझी चूक मला अधिक टोचते, कारण ती विसराळूपणाची नसून अर्धवट माहितीची होती. मुदत संपल्यानंतर 45 दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ, मग नाव रद्द झाल्यावर ते सोडवून घेण्यासाठी 30 दिवस, आणि शेवटी 5 दिवस नाव गोठवून ते सर्वांना खुले करणे, असा क्रम मी कुठेतरी वाचला होता. त्याच्या बेरजेवर विसंबून मी आणखी आठ-दहा दिवस इतर कामांत घालवले. परंतु 45 दिवस ही कमाल मर्यादा आहे. ग्राहकाला तेवढे दिवस मिळतीलच, अशी हमी त्यात नाही. त्याच काळात नाव लिलावात काढण्याची मुभा अनेक रजिस्ट्रार आपल्या करारातच घेऊन ठेवतात, आणि लिलावात गेलेले नाव रद्द होतच नाही, ते थेट नव्या धारकाच्या खात्यात जाते. साहजिकच ते 30 दिवस माझ्या वाट्याला आलेच नाहीत. आजही नोंदणीचा तपशील पाहिला तर निर्मितीची तारीख मी नाव घेतले तीच दिसते. बदलला आहे तो फक्त धारक.

मोठ्यांच्या हातूनही हे होते, यात थोडेफार समाधान शोधता येते. 1999च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट.कॉमचे शुल्क भरायचे राहून गेले आणि त्या नावावरून प्रवेश देणाऱ्या हॉटमेल या तिच्या ईमेल सेवेच्या कित्येक वापरकर्त्यांना प्रवेश मिळेना. तेव्हा मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरून ती सेवा पूर्ववत केली. माझ्या बाबतीत असा कोणी परोपकारी निघाला नाही. डोमेनविषयक तंटे सोडवण्याची आयकॅनची एक पद्धत आहे, परंतु तिथे ट्रेडमार्कवरचा हक्क आणि समोरच्याचा दुष्ट हेतू असे दोन्ही सिद्ध करावे लागते. माझ्याकडे ट्रेडमार्क नव्हता. नव्या धारकाला मी पत्रही लिहिले नाही, कारण आपल्याला ते नाव किती हवेसे आहे हे कळवणे म्हणजे त्याची किंमत स्वतःच वाढवून देणे.

लेख मी एका नव्या नावाखाली दोन संध्याकाळींत उभे केले. खरे काम निघाले ते ईमेलचे. डोमेन ज्याच्या हाती असते, त्याला त्यावरील कोणत्याही पत्त्यावर येणारी पत्रे स्वतःकडे घेता येतात, म्हणजे पासवर्ड बदलण्याचे दुवेसुद्धा. त्यामुळे तो पत्ता मी कुठे कुठे दिला होता हे आठवून एकेक खाते बदलत आहे. बहुतेक ठिकाणी पासवर्ड पुरला, काही ठिकाणी फोनवरच्या संकेतांकाने काम झाले. एक खाते मात्र अडकले आहे: तिथे पत्ता बदलायचा तर खात्री करणारा दुवा जुन्याच पत्त्यावर जातो, आणि मदत मागितली की नोंदणीकृत ईमेलवरूनच संपर्क साधावा, असे सभ्य उत्तर येते.