'सिस्टिम दर काढते' म्हणजे नक्की कोण?

युज केस, म्हणजे वापरणारा काय करतो आणि सिस्टिम काय करते त्याच्या पायऱ्या, लिहायला आम्हाला दोन दिवस लागले. सिक्वेन्स डायग्रामवर, म्हणजे कोणता भाग कोणाला कोणत्या क्रमाने काम सांगतो त्या बाणांच्या आकृतीवर, अडीच आठवडे गेले, त्यातले बहुतेक एकाच बाणापाशी.

काम होतं दूध संकलन केंद्राच्या सॉफ्टवेअरचं. शेतकरी दूध घालतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजतात, सिस्टिम दर काढते, पावती निघते. रिव्ह्यू क्लायंटकडच्या एका सरांकडे होता. त्यांची मेल एका ओळीची: "दर कोण काढतं?" मी लिहिलं, "सिस्टिम." पुन्हा तीच ओळ आली. मग 'संकलन मॅनेजर' नावाचा क्लास (ठरावीक माहिती आणि कामं सांभाळणारा सॉफ्टवेअरचा भाग) टाकला. वजन घे, दर काढ, पावती छाप, सगळं त्याच्या गळ्यात. तोही परत. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. चार दिवस मीटिंगमध्येच. माणसाने एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला आजही पडतो.

शेवटी उत्तर मिळालं ते केंद्रावरच्या लिपिकाकडून. सकाळची रांग संपल्यावर त्याने पावत्यांची चळत सरळ केली आणि विचारलं, "दादा, उद्यापासून दर बदलला तर या पावत्यांवरची रक्कम पण बदलणार का?" आमच्या मॉडेलमध्ये बदलणार होती! नोंद उघडली की रक्कम दरवेळी चालू दरपत्रकावरून निघायची. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा दर दोन रुपयांनी उतरला, की दहा दिवसांचं झालेलं बिलही उतरलं असतं.

तेव्हा कळलं की 'दर काढते' या एका क्रियापदात दोन कामं लपली होती. त्या तारखेला लागू असलेला दर सांगणं दरपत्रकाचं काम, कारण फॅट-एसएनएफचा तक्ता आणि लागू तारीख त्याच्याकडे आहे. तो दर कायमचा धरून ठेवणं संकलन नोंदीचं. मग ओसीएलमध्ये (मॉडेलवरच्या अटी लिहायच्या भाषेत) अट लिहिली: रक्कम म्हणजे लिटर गुणिले नोंदीतला दर. दरपत्रकातला नव्हे.

तुमच्याकडे असंच अडलं तर युज केसचा प्रिंट घ्या आणि 'सिस्टिम' हा शब्द जिथे कर्ता आहे तिथे खोडून क्लासचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तिथेच घोळ आहे. आकृत्या काढायचं टूल त्यानंतर उघडा; आम्ही आधी उघडलं आणि चौकोन सरळ रेषेत बसवत बसलो.

युज केसची कल्पना मांडणारे इव्हार जेकबसन यांची बाउंडरी (स्क्रीनसारखा बाहेरच्याशी बोलणारा भाग), कंट्रोल (काम पुढे नेणारा), एन्टिटी (माहिती धरून ठेवणारा) ही विभागणीही लावून बघा. आमचा ऑपरेटर थेट नोंदीशी बोलत होता, मध्ये स्क्रीनच नव्हती.

हो, एक राहिलं. 'इन्क्लूड'चा (नेहमी लागणाऱ्या पोटकामाचा) बाण मूळ युज केसमधून निघतो, 'एक्स्टेंड'चा (कधीतरीच लागणाऱ्या जादा कामाचा) मूळ युज केसकडे येतो. 'मशीन बंद असल्यास हाताने नोंद' आम्ही उलटी काढली होती आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, सरांच्यासुद्धा.

चौथ्या खेपेला मेल आली: "ठीक." तिच्यासाठी मी संध्याकाळी टीमला मिसळ खाऊ घातली.

युज केसमधल्या नामांखाली रेघ मारून क्लास शोधण्याच्या नादात पहिल्याच दिवशी एक 'कॅन' नावाचा क्लासही जन्माला आला होता. जुन्या फाइलमध्ये तो अजून आहे, एकही मेथड, म्हणजे करायचं काम, नसलेला.