डिकीत दोन सायकली आणि एक वाकळ

आमच्याकडे एक वॅगनआर आहे आणि दोन एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांच्या, सायकली. माझी २९ इंची चाकांची, लेकाची साडेसत्तावीसची. दोन्ही सायकली गाडीच्या आत मावतात, आम्ही दोघं पुढे बसतो आणि बाहेर काहीही टांगावं लागत नाही. हे ऐकून सायकलवाली मंडळी आधी हसतात आणि मग फोटो मागतात. फोटोत नुसता नळ्यांचा गुंता दिसतो, त्यातून कुणाला काही उमगत नाही. म्हणून लिहूनच टाकते.

मामंजींचा प्रश्न आधी निकालात काढते, कारण तो साताऱ्यात पुष्कळांना पडतो. "सायकल गाडीत घालून कुठं नेतीस? सायकलवर बसून जा की!" त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. त्यांच्या तरुणपणी सायकल एसटीच्या टपावर जायची. मागच्या शिडीवरून एकानं वर चढायचं, दुसऱ्यानं खालून सायकल द्यायची, दोरीनं कॅरिअरला आवळायची आणि कंडक्टरकडून लगेजचं तिकीट घ्यायचं. म्हणजे सायकल गाडीवर घालून नेणं त्यांनीही केलंय, फक्त गाडी महामंडळाची होती. हे बोलून दाखवलं की ते पेपरात डोकं घालतात.

खरं उत्तर असं, की माझी सायकल पंधरा किलोच्या आसपास भरते आणि टायर रुंद, दातेरी आहेत. डांबरावर ते सारखे घरघरतात. त्या टायरांवर यवतेश्वरचा घाट चढला की मांड्यांतलं निम्मं बळ तिथंच संपतं. घाट चढणाऱ्यांना माझा नमस्कार, पण मला वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, हवा असतो. त्यातही चाळकेवाडीचा. सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरवरून वर गेलं की पवनचक्क्या सुरू होतात, आणि प्रत्येक चक्कीपर्यंत एक कच्ची वाट गेलेली असते. लांबलचक पाती घेऊन येणाऱ्या ट्रेलरना वळता यावं म्हणून त्या वाटांची वळणं ऐसपैस ठेवलेली आहेत आणि चढही बेताचा आहे. खाली जांभा, वर बारीक लाल मुरूम. नुकत्या सायकल शिकलेल्या पोरापासून माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बाईपर्यंत कुणीही तिथं मनसोक्त फिरावं. आणि दहाला मला ऑफिस उघडायचं असतं. जुलैत तर पाऊस आणि लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स एकदमच येतात. तेव्हा पहाटे गाडीनं वर जायचं, दोन तास चालवायची आणि खाली यायचं, एवढाच हिशेब बसतो.

आमच्या ह्यांचं म्हणणं होतं, रॅक घेऊ. रॅकवर मी बरंच डोकं खपवलंय. मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक सगळ्यांत स्वस्त. पण छोट्या हॅचबॅकच्या मागच्या दारात पत्रा कमी आणि काच जास्त. वरचे हूक पत्र्याच्या कडेला बसायला हवेत आणि तिथं नेमका प्लास्टिकचा स्पॉयलर आडवा येतो. प्लास्टिकला तीस किलो टांगायचे आणि ठोसेघरच्या रस्त्याचे खड्डे खायचे, हे मला पटत नाही. पट्टा आणि रंग यांच्यामध्ये धूळ शिरली की प्रत्येक हिसक्याला पॉलिश पेपर चालतो, ते वेगळंच. त्याहून मोठी अडचण नंबर प्लेटची आणि मागच्या दिव्यांची. दोन सायकली आडव्या लावल्या की दोन्ही झाकले जातात. पोलिसानं अडवलं तर त्याचं चुकत नाही. धुक्यात घाट उतरताना मागच्याला माझा ब्रेक लाइट दिसलाच नाही, तर पोलीस परवडला म्हणायची वेळ येईल.

टपावरचा रॅक दिसायला झोकदार. त्यात सायकल सुरक्षितही राहते. पण टपावर किती वजन चालतं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि त्या आकड्यात रॅकचं वजनही धरायचं असतं, हे फार कमी लोक बघतात. शिवाय वॅगनआर मुळात उंच. पंधरा किलोची सायकल डोक्यावर धरून तिच्या टपावर नेमकी खाचेत बसवायची म्हणजे दोन माणसं आणि एक स्टूल. आमच्या पार्किंगला पत्र्याची शेड आहे, हा मुद्दा मी ह्यांच्यापुढे मांडला आणि तिथंच रॅकचा विषय संपला. हायवेला वेग वाढला की टपावरच्या सायकली वारा अडवतात आणि पेट्रोल पितात, हे सांगायची गरजही पडली नाही.

तर, आत.

मागची सीट पूर्ण पाडायची. डिकीवरचा ट्रे घरीच ठेवायचा, तो गाडीत कुठंच नीट राहत नाही. सीटच्या पाठीपासून डिकीच्या कडेपर्यंत वाकळ अंथरायची. माझी वाकळ आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली, चांगली जाड आहे. बाजारात यासाठी खास मॅट मिळतात, पण चिखल झटकून वाकळ तारेवर टाकता येते आणि मॅटपेक्षा ती दुमडते छान.

सायकलची दोन्ही चाकं काढायची. लोक पुढचं एकच काढतात आणि मग मागचं चाक दारात अडकलं म्हणून गाडीला नावं ठेवतात. माझ्या सायकलला पुढे-मागे थ्रू-अॅक्सल आहेत, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारे आस, ते एलन कीनं (षटकोनी पान्यानं) निघतात. लेकाच्या सायकलला क्विक रिलीज, म्हणजे हातानं उघडायचा खटका आहे, त्याला पानाही लागत नाही. तुमच्या सायकलला साधे नट असतील तर १५ चा पाना गाडीतच ठेवा. पेडल काढायलाही तोच लागतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, नेहमीच्या दिशेनं फिरवलं तर आणखी आवळत जातं, तेवढं ध्यानात ठेवायचं.

मागचं चाक काढण्याआधी गिअर सगळ्यांत लहान चक्रीवर आणायचा. चेन सैल होते आणि चाक अलगद खाली येतं. मोठ्या चक्रीवर ठेवून ओढाताण केली की हात काळे होतात, त्याच हातानं डिस्क, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, धरली जाते आणि डिस्कला तेल लागलं की ब्रेक किंचाळायला लागतो. पॅडनी तेल प्यायलं तर पुसूनही उपयोग होत नाही, पॅडच बदलावे लागतात. घाट उतरून लगेच चाकं काढणार असाल तर डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक असेल तर चाक काढल्यावर लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. मध्ये डिस्क नसली की दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. चौदा वर्षांच्या पोराला हे सांगून ठेवलं तरी त्याचा हात लिव्हरकडे जातोच. म्हणून मी पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवते. वहीच्या मागचा पुठ्ठा उत्तम. पॅड चिकटलेच तर प्लास्टिकच्या सपाट पट्टीनं हळूहळू मागे रेटायचे, स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. केबलच्या डिस्क ब्रेकला यातलं काही नाही.

सीट खाली करायची, किंवा नळीसकट काढून बाजूला ठेवायची. हँडल चाकाशिवाय आपोआप वळतं, पण हल्लीची हँडलं पाऊण मीटर रुंद असतात. त्यामुळे माझं हँडल, त्याला धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट ढिले करून, सांगाड्याला समांतर करून ठेवावं लागतं. परत आवळताना किती आवळायचं ते स्टेमवरच छापलेलं असतं.

पहिली सायकल डाव्या अंगावर निजवायची, म्हणजे मागचा डिरेलर, गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, वर राहतो. सायकलच्या अंगावरचा सगळ्यांत नाजूक भाग तोच. तो खाली दबला आणि त्याला धरणारा हँगर जरासा वाकला, तरी दिवसभर गिअर आपल्या मनानं उड्या मारतात. पुढचं चाक धरणारा फोर्क पुढच्या सीटांच्या दिशेनं. वर दुमडलेली वाकळ, आणि तिच्यावर दुसरी सायकल उलट तोंडानं, हँडल डिकीच्या दाराकडे. तोंडं उलट ठेवल्यामुळे एकीच्या हँडलची आणि दुसरीच्या पेडलची जागा भांडत नाही. चेनवर जुन्या पँटचा कापलेला पाय चढवायचा. हा शोध लेकाचा, आणि ह्यांची एक पँट त्यात गेली.

चार चाकांतली दोन पुढच्या सीटांमागे, जिथं एरवी पाय ठेवतात तिथं, उभी राहतात. उरलेली दोन सगळ्यांच्या वर, डिस्कची बाजू वर करून. अॅक्सलच्या टोकांना जुने मोजे घालते, नाही तर छताच्या कापडाला भोकं पडतील.

आता जे बहुतेक जण करत नाहीत ते. मागच्या सीटचे बेल्ट सायकलींच्या त्रिकोणातून ओवून लॉक करायचे आणि शिवाय खटक्याखटक्यानं घट्ट होणारा एक रॅचेट पट्टा आवळायचा. साठच्या वेगात करकचून ब्रेक मारला तर गाडी थांबते, आतलं सामान थांबत नाही. आणि पुढे माझं पोरगं बसलेलं असतं. मधला आरसा उपयोगाचा राहत नाही, बाजूच्या दोन आरशांवर गाडी हाकायची सवय लागते.

पावसाळ्यात येताना सायकली लाल चिखलानं माखलेल्या असतात. पाच लिटरचा एक कॅन आणि रंगाऱ्याचा रुंद ब्रश गाडीत ठेवला की वरवरचा चिखल तिथल्या तिथं निघतो. तो काढताना चेन आणि डिरेलरवर पहिल्यांदा पाणी टाकायचं, वाळलेला मुरूम कानशीसारखा घासतो. राहिलेल्यासाठी वाकळीवर ताडपत्री.

कास पठाराबद्दल मला नेहमी विचारतात. तिथं मी सायकल उतरवत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेली ती जागा आहे, जांभ्यावर मातीचा पातळसा थर आणि त्यावर ती इवलीशी फुलं. दातेरी टायरला तिथं काय काम? फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तो रस्ताही टाळलेला बरा. गाड्यांच्या रांगेत सायकली घेऊन अडकण्यापेक्षा चाळकेवाडी शांत.

आता जागेचं. माझ्या गाडीची मागची सीट साठ-चाळीस अशी दुभंगते, पण तिघं असलो तर एकच सायकल नेते. दोन सायकली आणि मागे माणूस, हे जमत नाही आणि जमवूही नये, कारण त्या माणसाच्या कानाशी पेडल येतं. तुमच्या गाडीची सीट अखंड पडणारी असेल तर तो प्रश्नच नाही. गाडी वॅगनआरपेक्षा बुटकी असेल तर आधी डिकीच्या दाराची उंची आणि रुंदी मोजा. २९ इंची चाक टायरसकट चौऱ्याहत्तर सेंटीमीटरच्या आसपास भरतं. ते तिरकं करून आत गेलं तर बाकीचंही जातं.

तिसरी सायकल मात्र जात नाही. धाकटे दीर यायचे असले की ते कऱ्हाडहून त्यांची सायकल त्यांच्याच गाडीत घालून आणतात, आम्ही उंब्रजला भेटतो आणि तिथून सडावाघापूरच्या पठारावर चढतो.