आमच्या गडग्यापलीकडचा टॉवर

आधीच सांगते, मोबाइलचा टॉवर पाहिजे म्हणून ग्रामपंचायतीला निवेदन दिलं त्यात माझी पण सही होती. आमचं गाव दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माड-पोफळी आडवे झाले, वीज कित्येक दिवस नाही आणि मुंबईच्या माणसांना "आम्ही जिवंत आहोत" एवढं सांगायला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर, चढून फोन उंच धरायला लागायचा. तेव्हा सगळे म्हणत होते टॉवर हवा.

मग टॉवर आला, पण भाऊकाकांच्या जागेत. आमच्या पडवीपासून चाळीस पावलं, मध्ये फक्त गडगा, म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण. आणि भाऊकाकांना भाडं चालू झालं म्हटल्यावर अख्ख्या वाडीला एकदम रेडिएशनची आठवण झाली. खोटं कशाला बोलू, थोडी मला पण झाली. सासूबाईंना तर कोणीतरी फॉरवर्ड दाखवलेला, कॅन्सर होतो, चिमण्या मरतात, आंब्याचा मोहोर गळतो. त्या वर्षी मोहोर गळला तो अवकाळी पावसाने, पण ते कोण ऐकतंय.

पहिला अर्ज ग्रामपंचायतीत, टॉवरच्या रेडिएशनबद्दल, माहिती अधिकाराचा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, मी तीन पानं लिहून नेलेली, ती घरी आणून पुन्हा लिहिली, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि पोच घेतली. उत्तराची मुदत ३० दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. अहो मग ज्याच्याशी संबंधित आहे तिकडे पाच दिवसांत पाठवायचा ना अर्ज, कायद्यातच आहे तसं, कलम ६(३). पहिलं अपील केलं, २० रुपयांचा स्टॅम्प, पंचायत समितीत दोन फेऱ्या, एकदा साहेब मीटिंगला, एकदा लाइट नाही. तिसऱ्या फेरीला तिथल्याच एका क्लार्कने हळूच सांगितलं, "ताई, टॉवरच्या लहरींचं काम राज्याचं नाहीच, दिल्लीचं आहे. इकडे चपला झिजवू नका." हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर?

मग केंद्राच्या पोर्टलवर अर्ज टाकला. तिकडे फी १० रुपयेच, पण शब्द ५०० चालतात, माझी तीन पानं जवळजवळ मावली. उत्तरात दूरसंचार विभागाकडून कागद आले त्यात मुख्य होतं ते कंपनीचं सेल्फ सर्टिफिकेट, म्हणजे टॉवर सुरू करायच्या आधी कंपनीनेच लिहून द्यायचं की आम्ही मर्यादेत आहोत. आमचे हे म्हणाले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मलाही तसंच वाटलं, पण नंतर कळलं की विभागाची माणसं त्यातले काही टॉवर स्वतः जाऊन तपासतात, आणि आपण पैसे भरले तर आपल्या दारात येऊन मोजतात. तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, २०१७ पासून. नकाशावर आपली जागा टाकली की आजूबाजूचे टॉवर दिसतात, आणि मोजणी हवी असेल तर ४००० रुपये.

चार हजार! वाडीत सभा घेतली. रेडिएशनवर तासभर बोलणारे वर्गणी म्हटल्यावर सुपाऱ्या सोलायला गेले. शेवटी आठ घरांनी पाचशे-पाचशे काढले, त्यात भाऊकाका पण होते, ते म्हणाले होऊन जाऊ दे एकदाचं.

माणसं आली ती पावसाळा संपल्यावर. तिवईवर पांढरा गोळा लावलेलं यंत्र, आमच्या पडवीत, मग अंगणात, मग शाळेच्या पाखाडीवर, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं. सासूबाई एवढा वेळ पदर तोंडाला लावून उभ्या, जसं काय यंत्रातूनच काहीतरी येणार. आलेला पोरगा विदर्भातला होता, चांगला बोलका. त्याने समजावलं की टॉवरच्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या आडव्या जातात, अगदी खाली उभ्या राहणाऱ्याला कमीच लागतात, आणि अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो. वर म्हणाला रेंजची एकच कांडी असते ना, तेव्हा तुमचा फोनच टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो, आणि फोन तर कानाला असतो. म्हणजे सड्यावर फोन धरून उभे होतो तेव्हा जास्त खाल्लं म्हणायचं.

मर्यादा काय, तर ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींना दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. आंतरराष्ट्रीय मर्यादा ४.५ ची, आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून त्याच्या एक दशांश केली. आमच्या पडवीतला आकडा त्या एक दशांशाच्याही शंभराव्या भागाच्या आत आला. मी कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आणि ते कॅन्सरचं?"

ते पण मी शोधून ठेवलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०११ मध्ये या लहरींना '२ बी' गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होऊ शकेल अशी शंका आहे पण पुरावा अपुरा. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे. सासूबाईंनी दारातल्या कुंडीकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी कुंडी गडग्यावर, टॉवरच्या बाजूला ठेवलेली दिसली. का ते मी विचारलं नाही.

आता खरा त्रास सांगते, ज्याला या सगळ्या कागदांत रकानाच नाही. जनरेटर! पावसात लाइट जाते, आमच्याकडे ती जातेच, आणि रात्री दोनला टॉवरचा डिझेल जनरेटर घुर्र करून चालू होतो. खिडक्या थरथरतात, धूर सरळ पडवीत. मोजायला आलेल्या पोराला दाखवला तर तो म्हणाला, "हे आमच्याकडे येत नाही मॅडम." त्याचं खातं प्रदूषण मंडळ. तिथे वेगळा नियम, राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, आणि वेगळा अर्ज. न दिसणाऱ्या लहरींसाठी दिल्लीहून यंत्र येतं आणि झोप उडवणाऱ्या आवाजासाठी मी मोबाइलवरच्या ॲपने डेसिबल मोजत बसलेय, जे कोणी ग्राह्य धरणार नाही.

तो अर्ज गेल्या आठवड्यात दिला, पोच घेतली, फोटो काढून ठेवला. यावेळी सह्या गोळा करायला फिरावं लागलं नाही. पहिली सही भाऊकाकांनी केली, जनरेटर त्यांच्या माजघराच्या भिंतीला लागूनच आहे.